उजागरेबाई आणि टाकीतलं पांढरं

उजागरेबाई घरात आल्या की आमच्या सोसायटीतल्या बायका आधी पाण्याच्या पिंपावरचं झाकण नीट करायच्या आणि मग "या ना बाई" म्हणायच्या. मीही त्यातलीच. बाई काही बोलायच्या नाहीत हो, नुसत्या बघायच्या. पिंप, ओगराळं, ओट्यावरचं फडकं, भाजीची टोपली. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लावून त्यांचा उजवा डोळा जरा बारीकच झाला होता. तो आपल्यावर रोखला की आपल्याच अंगावर काहीतरी उगवलंय की काय, असं वाटायचं.

आमची सोसायटी मयूर विहारमधली, दिल्लीत सरकारी नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी एकत्र येऊन बांधलेली. तेव्हा मेट्रो नव्हती, घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं नव्हती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, गार करायचं, पिंपात भरायचं, हा रोजचा उद्योग. तळमजल्यावर आम्ही, आमच्या डोक्यावर सोसायटीचे सेक्रेटरी बापट, आणि त्याच जिन्याने वर गेलं की तिसऱ्या मजल्यावर उजागरेबाई. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. तरुणपणीच दिल्लीला आल्या, केंद्र सरकारच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझ्या सासूबाईंचीसुद्धा नाही, आणि त्या तर चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला थांबवून त्याचं वय विचारणाऱ्या.

बाईंच्या पर्समध्ये पावडर-कंगवा कधी नसायचा. एक भिंग, औषधाच्या धुतलेल्या चार-दोन बाटल्या आणि दोऱ्याचं रीळ. खळ घातलेली पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मंडईत भाजीवाला पालकावर पाणी शिंपडायला लागला की बाई त्याच्या बादलीवर वाकायच्या, वास घ्यायच्या आणि सरळ पुढच्या गाडीकडे चालू लागायच्या. तो बिचारा मागून ओरडायचा, "अरे मैडम, हुआ क्या?" त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या मग निमूटपणे पुढच्या गाडीकडे.

घरात कुठेही काही पांढरं, हिरवं, बुळबुळीत उगवलं की बाईंना बोलावणं जायचं. एकदा सासूबाईंच्या लिंबाच्या लोणच्यावर पांढरा थर आला. वर्षाचं लोणचं! सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे, जेवल्याच नाहीत. बरणी उचलून बाहेर ठेवायला निघाल्या, तेवढ्यात बाई आल्या. भिंगातून बघितलं, बरणी उजेडात फिरवली, पुन्हा बघितलं. मग चमच्याच्या टोकावर तो थर घेतला आणि आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा हात सढळ पडलाय, बाकी काही नाही."

त्या दिवसापासून आमच्या जिन्यात हा शेवटचा शब्द झाला. बाईंनी चाखलं का? चाखलं. मग वाढा. खव्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळ्यांचा निकाल असाच लागायचा. बाईंनाही ते आवडत असावं, नाही असं नाही. एकट्या माणसाला कुणीतरी आपली वाट बघतंय, याचं बरं वाटतंच की.

पण नाव सांगायची मात्र त्यांना मुळीच घाई नसायची. "नाव सांगितलं की माणसं बघायचं थांबवतात," असं म्हणायच्या. ऑफिसातही म्हणे त्यांचं हेच. कुठल्याशा वसतिगृहाच्या पाण्याचा अहवाल साहेबांना संध्याकाळच्या आत हवा होता, दुसऱ्या दिवशी तिथे कुणी मोठे पाहुणे यायचे होते. बाई म्हणाल्या, एकदाच बघितलंय, सही करणार नाही. साहेब चिडले, गोड बोलले, पुन्हा चिडले. बाई डबा उघडून जेवायला बसल्या. त्यापायी त्यांना बरेच महिने काचेची भांडी मोजायच्या कामाला लावलं होतं. हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं. "एकदा दिसलं तर तो आपला भास असू शकतो. दोनदा दिसलं तर शंका घ्यायची. तिसऱ्यांदा दिसलं, की मग मी देवालाही लेखी देईन."

तर त्या वर्षी आमच्याकडे माशांची टाकी आली. माझी धाकटी जाऊ मीनल, तिला दिवस गेले होते. दीर फरीदाबादला कारखान्यात इंजिनियर, पहाटे जायचे ते रात्रीच उगवायचे. मीनल दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. तिला डोहाळे तरी कसले लागावेत? मासे बघायचे! खायचे नाहीत हं, बघायचे. दिराने बिचाऱ्याने काचेची टाकी आणून दिवाणखान्यात मांडली, त्यात सोनेरी आणि काळे मासे सोडले, हवेचे बुडबुडे सोडणारी नळी लावली. आमची मीनल तिच्यापुढे वेताच्या मोड्यावर बसून राहायची, पोटावर हात ठेवून. आई म्हणायच्या, मूल पोहतच जन्माला येणार बहुतेक.

श्रावण लागला असेल. एक दिवस मीनलने हाक मारली, "वहिनी, ये क्या है यार? जरा बघा ना."

नळीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी आलं होतं. भिजलेल्या कापसाचा पुंजका असावा तसं. बुडबुड्यांबरोबर हलत होतं. मी हात घालून ओढून काढलं तर बोटांना बुळबुळीत लागलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, जरा लांब. माशांच्या दुकानदाराने लांबूनच सांगितलं, "फंगस है जी. नीली दवाई डालो, बिल्कुल साफ." निळं औषध घातलं. पाणी निळं झालं, मासे निळे दिसायला लागले, आणि त्या निळ्यात ते पांढरं अगदी उठून दिसायला लागलं. आता दगडांवरही आलं होतं.

बाईंना बोलावलं. त्या आल्या, चहाला नको म्हणाल्या, टाकीपुढे मीनलच्या मोड्यावर बसल्या. बराच वेळ बसल्या. मला वाटलं होतं, नेहमीसारखं काहीतरी खमंग बोलतील. पण बाई नुसत्या माशांकडे बघत राहिल्या.

"माशांना काही झालेलं दिसत नाही," शेवटी म्हणाल्या. "खातात ना नीट?"

"खातात की. उलट सुटलेत चांगले."

"हं." त्यांनी तो पुंजका चिमट्याने उचलून बाटलीत घेतला. "हे माशांचं दुखणं नाही मग. टाकीत पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. दुसरं कुठलं घालणार? माशांना काय उकळून देऊ?"

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. एकदा, पुन्हा एकदा. "ब्लीचिंग पावडरचा वास येत नाही," त्या म्हणाल्या.

आई आतून म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, येतच नाही. गेला एकदाचा! चहाला काय घाण वास मारायचा."

बाईंनी आईंकडे वळून बघितलं. तो बारीक झालेला डोळा.

त्यांनी टाकी रिकामी करायला लावली, दगड उकळून घ्यायला लावले, नवी नळी आणवली आणि पुन्हा नळाचंच पाणी भरायला सांगितलं. पांढरं परत आलं. मग त्यांनी त्यांच्याकडे दोन बरण्या मांडल्या. एकीत आमच्या नळाचं पाणी, दुसरीत तेच पाणी उकळून. दोन्हींत चिमूटभर साखर, आणि वरून पांढरा दोरा सोडलेला. मी रोज वर डोकावून यायचे. उकळलेल्या पाण्यातला दोरा होता तसाच राहिला. दुसऱ्या बरणीतल्या दोऱ्याला हळूहळू पांढरी दाढी फुटली. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. लांबच लांब काड्या, एकाला एक जोडलेल्या, गच्च गुंतलेल्या. मी विचारलं, काय आहे हे? बाई म्हणाल्या, "मीनल दात कुठल्या पाण्याने घासते?"

नळाच्याच. दात कोण उकळलेल्या पाण्याने घासतं?

"आजपासून तिला पिंपातलं दे. चूळ भरायलाही. भाज्या धुवायलाही. नळाचा एक थेंब तिच्या तोंडात जाता कामा नये. तिला घाबरवू नकोस, पण तू लक्ष ठेव. कावीळ आली ना, तर बाकीचे पडून उठतात. पोटुशी बाई उठत नाही, मी पाहिलंय ते."

असं बोलल्यावर माणसाच्या जिवात जीव राहतो का? मी त्या दिवसापासून मीनलच्या मागे सावलीसारखी. तिच्या ब्रशपाशी तांब्या झाकून ठेवायचा, ती आंघोळीला गेली की बाहेर उभं राहायचं. मीनल वैतागायची. "वहिनी, मैं बच्ची हूँ क्या?"

बाईंना आता तिसऱ्यांदा बघायचं होतं, तेही थेट जमिनीखालच्या टाकीतलं. सगळ्या सोसायटीचं पाणी त्या टाकीत साठायचं आणि तिथून पंपाने वर चढायचं. टाकीच्या झाकणाला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरी बापटांकडे. बापट माणूस वाईट नव्हे. मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झालेले, सोसायटीवर पोटच्या पोरासारखी माया. पण गणपती चार दिवसांवर आलेले. मांडव नेमका त्या झाकणावर पडलेला, वर सतरंज्या अंथरलेल्या, मखर उभं. बापट म्हणाले, "बाई, आता कुठे ते उचकटायचं? विसर्जन होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः झाकण काढून देतो, चलो. तोवर उकळून पितातच ना सगळे."

बाई तशाच माघारी वळल्या, कारण ते खरंच होतं. उकळून पितच होतो सगळे.

इथे एक सांगायला हवं. उजागरेबाई आमच्या गणपतीत परक्या नव्हत्या. दरवर्षी पहिल्या आरतीला पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीवर मोगऱ्याचा गजरा माळून उभ्या. आवाज खणखणीत. आमच्या दिल्लीत वाढलेल्या पोरांना पहिल्या कडव्यापुढे काही येत नसे, मोठेही पुटपुटायचे. बाईंना सगळ्या आरत्या तोंडपाठ. कोणी अडखळलं की त्या आवाज चढवून गाडी पुढे न्यायच्या. तीर्थ घ्यायच्या, डोळ्यांना लावायच्या, प्रसादाचा मोदक रुमालात बांधून घरी न्यायच्या. नाताळात त्यांच्याकडच्या करंज्या जिन्यातल्या प्रत्येक घरी. आमचं-तुमचं असं काही कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. निदान तसं वाटायचं मला.

प्रतिष्ठापनेच्या सकाळी मांडव फुलून गेला होता. पूजेला बापट स्वतः, सोवळं नेसून. मागे त्यांची सून शिल्पा, नवीनच लग्न झालेली, तबक घेऊन उभी. पूजा झाली, आरती झाली, झांजा थांबल्या. बापटांनी तीर्थाचं भांडं हातात घेतलं आणि आई मोठ्याने म्हणाल्या, "आधी मीनलला द्या हो, दोन जिवांची आहे."

मी त्या वेळी पलीकडे पोरांना पेढे वाटत होते. आणि तीर्थ! तीर्थाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ब्रशपाशी तांब्या ठेवणारी मी, पण तीर्थ म्हणजे पाणी, हे लक्षातच आलं नाही. कुणाच्या येतं? नळाखाली कळशी धरायची, त्यात तुळस टाकायची, देवाला घालायचं आणि हातावर घ्यायचं. जन्मभर हेच केलेलं.

मीनलने हात पुढे केला. बापटांनी पळीभर तीर्थ घातलं. आणि बाईंनी मीनलचं मनगट धरलं.

तीर्थ सतरंजीवर सांडलं.

"बाई, हे काय?" बापट म्हणाले.

"हे पाणी उकळलेलं नाही."

"तीर्थ कुणी उकळतं का?" मागून कुणीतरी हसलं. पण आई हसल्या नाहीत. आईंचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या गरवार सुनेच्या हातातलं तीर्थ सांडलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "गणपतीपुढे. तुमच्यात नसेल याचं काही. आमच्यात असतं."

तुमच्यात! इतक्या वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी बाईंकडे बघत होते. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मीनल रडवेली. आई म्हणत होत्या, "घाला हो परत, घाला तिच्या हातावर," आणि बापटांनी पळी पुन्हा बुडवली.

बाईंनी मीनलच्या पुढे येऊन स्वतःचा हात पुढे केला. उजवा वर, डावा त्याखाली. "मला द्या आधी," म्हणाल्या.

बापटांनी घातलं. बाईंनी हातातल्या पाण्याकडे एक क्षण बघितलं. मग प्यायल्या. ओला हात डोळ्यांना लावला, केसांवरून फिरवला, दरवर्षीसारखा. आणि पिता पिता माझ्याकडे असं बघितलं की मी पेढ्यांचं ताट तिथेच टाकलं, "हिला चक्कर येतेय" असं ओरडले आणि मीनलला दंडाला धरून घरात घेऊन आले. आई मागून बडबडत राहिल्या.

मांडव निवळला. हायसं वाटलं सगळ्यांना. "बघा, बाईंनी घेतलं," बापट म्हणालेले मी दारातून ऐकलं. मग हातांची रांगच लागली. जे मघाशी बिचकले होते तेही पुढे आले. शिल्पा तबक धरून मागे सरकली होती, भिंतीशी. तीही पुढे आली. बाईंचं तोंड उघडलेलं मला लांबून दिसलं. हातही वर केला होता त्यांनी. पण पोरांनी झांजा पुन्हा सुरू केल्या होत्या.

संध्याकाळी बाई दारोदार हिंडल्या. मांडवासाठी पाणी उकळून घ्या, पंचामृतालाही उकळलेलंच घ्या. "हो बाई, नक्की बाई." आमच्या घरी आल्या तेव्हा आई उठून आत निघून गेल्या. बाई माझ्याशी दारातच बोलल्या. "किती जणांनी घेतलं?" मी म्हटलं, सगळ्यांनीच. त्यांनी चौकटीला हात टेकला.

विसर्जन झालं. त्यानंतर काहीच झालं नाही. बापटांच्या भावाकडे लग्न निघालं, झाकण राहूनच गेलं. बाईंनी आठवण केली की "हां हां, या रविवारी." लोक जिन्यात बाईंना चिडवायचे, "काय बाई, आहोत की आम्ही ठणठणीत!" बाई म्हणायच्या, "अजून वेळ आहे." हसून नाही, नुसतंच. कुणी भेटलं की त्याच्या चेहऱ्याकडे न बघता थेट डोळ्यांत बघायच्या, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे. लोकांना ते आवडेनासं झालं. बायका त्यांना बघून जिन्यातून मागे फिरायला लागल्या. बरणी घेऊन वर जाणं कधीच बंद झालं होतं. आई तर म्हणायच्या, बाईची नजर वाईट आहे. मला राग यायचा, पण मनातून मीही दचकायचेच. दिवस मोजत बसलेल्या माणसाची भीती वाटतेच.

दसरा होऊन गेला. दिवाळीच्या भाजण्या सुरू झाल्या आणि पहिलं मूल आजारी पडलं, पलीकडच्या जिन्यातलं. लघवी पिवळी, डोळे पिवळे. मग त्याची बहीण. मग तिघं-चौघं एकदम. मग प्रत्येक जिन्यात कुणी ना कुणी. फराळाचे डबे तसेच राहिले, घरोघरी उसाचा रस आणि मुळ्याच्या पानांचा काढा. मीनलला आम्ही खोलीबाहेर येऊ देत नव्हतो. आई तिच्या खोलीपुढे खुर्ची टाकून बसायच्या, कुणालाही आत सोडायच्या नाहीत, आणि उजागरेबाईंचं नावही घ्यायच्या नाहीत. चांगलं नाही, वाईटही नाही.

वरून शिल्पाला उलट्या होत असल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुणी घाबरलं नाही. उलट बापटांच्या घरी आनंद होता. तिला दिवस होते. गणपतीत नुकतेच राहिले होते, पण आपल्याकडे पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते. म्हणून बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. उलट्या दिवसांच्याच, असं सगळे धरून चालले. डोळे पिवळे दिसले तेव्हा हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी गेली. बावीस-तेवीसची पोर हो. लग्नातला हिरवा चुडा अजून हातात होता.

त्याच दिवशी आमच्या यांनी आणि दिरांनी कुलूप तोडून जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडलं. बॅटरी आत सोडली. एका बाजूची भिंत, जिच्या पलीकडून ड्रेनेजची लाइन जात होती, तिथे बारीक चीर गेली होती, आणि चिरेखाली सगळी भिंत पांढरी. तेच पांढरं. हातभर लांब, पाण्यात हळूहळू हलणारं. बाईंना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून खाली आल्या होत्या. वाकून बघितलं. "गटाराच्या पाण्यावर वाढतं हे," त्या म्हणाल्या. "स्वच्छ पाण्यात जगत नाही." एवढंच म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

त्या जेवतही नाहीत, असं कामवालीने सांगितलं म्हणून मी मऊ भात घेऊन वर गेले होते, तेव्हा बापट आले. दाढी वाढलेली, उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"बाई, एकच विचारायचं होतं. तुम्हाला माहीत होतं ना?"

"शंका होती. जवळजवळ खात्रीच."

"मग तुम्ही का घेतलंत?"

बाई उभ्याच होत्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "मला होऊन गेलीय कावीळ, बापट. इथे नोकरीला लागले त्याच वर्षी. ती एकदा होऊन गेली की सहसा परत होत नाही. मला काही होणार नव्हतं, म्हणून मी घेतलं. मीनलच्या हातावर पडू नये म्हणून. देवाचा अपमान केला असं कुणाला वाटू नये म्हणून."

बापट चिडले असते तर बरं झालं असतं. "शिल्पाला घ्यायचं नव्हतं," ते म्हणाले. "घरी येऊन म्हणाली होती. मनात नव्हतं, पण बाईंनी घेतलं म्हणून घेतलं."

मग जिना उतरून गेले. मी भात ओट्यावर ठेवला. बाईंना काय म्हणणार होते मी? तुमची चूक नाही, असं म्हटलंही. त्या ऐकत नव्हत्या.

मीनल सुखरूप सुटली. मुलगी झाली. गुटगुटीत, भरपूर जावळाची. आमचं घर हसायचं, पण आवाज खाली ठेवून हसायचं, कारण डोक्यावरच बापटांचं घर. बाईंचा भाचा त्यांना नगरला न्यायला येणार होता, सामानाची बांधाबांध झाली होती. सव्वा महिना झाल्यावर मीनल म्हणाली, पहिल्यांदा बाहेर काढायची ती बाईंकडेच न्यायची. मला वाटलं, आई अडवतील. आईंनी बाळाला काजळ लावलं, पायांत चांदीचे वाळे घातले आणि म्हणाल्या, "मी येत नाही. माझं तोंड नाही."

बाईंनी दार उघडलं. वाळल्या होत्या, साडीला खळ नव्हती. बाळाला घेतलं नाही. नुसतं तोंडाजवळ तोंड नेऊन, बोटाने पापणी किंचित खाली ओढून डोळ्यांत बघितलं. पोर टकामका त्यांच्याकडे बघत होती. "छान आहेत डोळे," म्हणाल्या. मीनल पाया पडायला वाकली तर तिला धरून सरळ उभं केलं.

आम्ही निघालो. दोन पायऱ्या उतरलो असू, तोच बाईंनी हाक मारली. त्या मागोमाग आल्या, आमच्या खालच्या पायरीवर उतरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाळाचा एक पाय हातात घेतला. वाळ्याचे घुंगरू वाजले. बाईंनी तो वाळा हलकेच काढला. मग दुसऱ्या पायातला. दोन्ही मीनलच्या मुठीत ठेवून तिची मूठ स्वतःच्या हातांनी बंद केली.

"खाली गेल्यावर घाला," त्या म्हणाल्या. "बापटांच्या दारावरून जाताना वाजायला नकोत."

मीनलने बाळाला पदराखाली घेतलं. आम्ही सावकाश उतरलो. पहिल्या मजल्यावर बापटांचं दार अर्धवट उघडं होतं, आत कुणीतरी भांडी लावत होतं. मी वर बघितलं. बाई कठड्यावरून वाकून बघत उभ्या होत्या, आम्ही ते दार ओलांडेपर्यंत.